एसजीपीए आणि सीजीपीए स्वतः काढताना: आधी क्रेडिटने गुणा, मगच भागा

निकाल लागला की दोन दिवसांत प्लेसमेंटचा, शिष्यवृत्तीचा किंवा एमएस्सीच्या प्रवेशाचा फॉर्म भरायचा असतो आणि त्यात सीजीपीएचा, म्हणजे सगळ्या सेमिस्टरच्या एकत्रित ग्रेड-सरासरीचा, रकाना असतो. मार्कशीटवर त्या एका सेमिस्टरची सरासरी, म्हणजे एसजीपीए, छापलेली असते, पण एकत्रित आकडा बहुतेक वेळा शेवटच्या वर्षीच मिळतो. मग मुलं सगळे एसजीपीए मिळवतात, सेमिस्टरच्या संख्येने भागतात आणि येईल तो आकडा फॉर्मवर टाकतात. कागदपत्रं तपासताना तो जुळत नाही. चूक प्रामाणिक असली तरी समोरच्याला ती आकडा फुगवल्यासारखी दिसते, आणि हेच मला फार लागतं. हिशेब पाचवीच्या मुलाला जमेल इतका सोपा आहे. चुकतो तो तयारीत आणि क्रमात.

एक गोष्ट पक्की धरा. ही साधी सरासरी नाही, भारित सरासरी आहे. क्रेडिट म्हणजे प्रत्येक विषयाला ठरवून दिलेलं वजन. चार क्रेडिटच्या विषयाचं वजन दोन क्रेडिटच्या विषयाच्या दुप्पट असतं. दहावीच्या बीजगणितात वारंवारता सारणीवरून मध्य काढला होता ना, तेच हे गणित. तिथे जी वारंवारता होती, तिच्या जागी इथे क्रेडिट आहे.

टप्पा १: कागद समोर ठेवा

आठवणीवर काहीही भरू नका. तीन गोष्टी लागतात.

पहिली, प्रत्येक सेमिस्टरची मूळ मार्कशीट. व्हॉट्सॲपवर आलेला निकालाचा स्क्रीनशॉट चालणार नाही. त्यात बहुतेकदा क्रेडिटचा रकाना कापलेला असतो.

दुसरी, तुमच्या बॅचची क्रेडिट रचना. ‘तुमच्या बॅचची’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. नवीन शैक्षणिक धोरण लागू झाल्यावर विषयांची नावं आणि क्रेडिट दोन्ही बदलले. एक वर्ष पुढे असलेल्या ताईची एक्सेल शीट उघडून त्यात आपले ग्रेड भरले, तर हिशेब तिच्या क्रेडिटने होतो.

तिसरी, विद्यापीठाचा ग्रेडचा तक्ता, म्हणजे कोणत्या ग्रेडला किती पॉइंट. तो बहुतेक वेळा मार्कशीटच्या मागच्या बाजूला छापलेला असतो.

नावांत गोंधळू नका. मुंबई विद्यापीठाच्या मार्कशीटवर एसजीपीआय आणि सीजीपीआय असं लिहिलेलं असतं, पुण्याकडे एसजीपीए आणि सीजीपीए. हिशेबाची रीत तीच.

तपासणी: मार्कशीटवरच्या सगळ्या विषयांचे क्रेडिट मिळवा. ही बेरीज मार्कशीटवर छापलेल्या एकूण क्रेडिटशी जुळलीच पाहिजे. जुळत नसेल तर पुढे जाऊ नका; एखादं प्रॅक्टिकल किंवा दोन क्रेडिटचा छोटा विषय नजरेतून सुटलाय.

टप्पा २: ग्रेडचे पॉइंट करा

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दहा पॉइंटच्या पद्धतीत हा तक्ता आहे:

ओ म्हणजे १०
ए प्लस म्हणजे ९
ए म्हणजे ८
बी प्लस म्हणजे ७
बी म्हणजे ६
सी म्हणजे ५
पी म्हणजे ४
एफ म्हणजे ०
गैरहजर म्हणजे ०

तुमच्या विद्यापीठाचा किंवा स्वायत्त कॉलेजचा तक्ता वेगळा असू शकतो, म्हणून आधी तो बघा. किती टक्क्यांना कोणता ग्रेड, हे तर विद्यापीठागणिक बदलतं. मित्राच्या कॉलेजच्या टक्केवारीवरून आपला ग्रेड ठरवू नका.

इथे तीन चुका नेहमी होतात.

एक: ग्रेड पॉइंटच्या जागी मार्क टाकणं. १०० पैकी ७४ मिळाले म्हणून ७.४ पॉइंट, असं ग्रेडच्या तक्त्यात नसतं. ७१ आणि ७४ एकाच ग्रेडमध्ये बसत असतील तर दोघांचे पॉइंट सारखेच.

दोन: ५० मार्कांचा पेपर १०० चा समजणं. दोन क्रेडिटचे बरेच पेपर ५० मार्कांचे असतात. ५० पैकी ३८ म्हणजे ७६ टक्के. ग्रेड ७६ चा बघायचा, ३८ चा नाही.

तीन: इंटर्नलचा एक ग्रेड आणि लेखी परीक्षेचा दुसरा काढून त्यांची सरासरी करणं. विषयाचे एकूण मार्क धरून एकच ग्रेड मिळतो. पण थिअरी आणि प्रॅक्टिकलला मार्कशीटवर वेगवेगळे क्रेडिट दिले असतील, तर त्या दोन स्वतंत्र ओळी आहेत. त्यांना एकत्र करू नका.

इशारा: क्रेडिट नसलेले विषय, ज्यांच्यापुढे नुसतं ‘समाधानकारक’ अशा अर्थाचा शेरा असतो, ते हिशेबात धरायचे नाहीत. आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांतच तसं म्हटलं आहे.

टप्पा ३: चार रकान्यांचा तक्ता करा

कागदावर चार रकाने आखा: विषय, क्रेडिट, ग्रेड पॉइंट, गुणाकार. ओळी मार्कशीटच्याच क्रमाने लिहा, म्हणजे बोट ठेवून ताडून बघता येतं.

उदाहरणासाठी पदवीच्या पहिल्या सेमिस्टरची २२ क्रेडिटची रचना घेऊ. ग्रेड मी मनाने घातले आहेत.

मेजर थिअरी: ४ × ६ = २४
मेजर प्रॅक्टिकल: २ × ९ = १८
ओपन इलेक्टिव्ह, पहिला: २ × ८ = १६
ओपन इलेक्टिव्ह, दुसरा: २ × ७ = १४
व्होकेशनल स्किल: २ × ८ = १६
स्किल एन्हान्समेंट: २ × ९ = १८
भाषा: २ × ७ = १४
मूल्यशिक्षण: २ × ८ = १६
भारतीय ज्ञानप्रणाली: २ × ८ = १६
को-करिक्युलर: २ × १० = २०

क्रेडिटची बेरीज २२. गुणाकारांची बेरीज १७२.

साध्या कॅल्क्युलेटरवर करणार असाल तर सावध राहा. दुकानात गल्ल्यावर असतो तसल्या कॅल्क्युलेटरवर ४ × ६ + २ × ९ असं सलग दाबलं की तो आधी २४ करतो, त्यात २ मिळवतो आणि त्या २६ ला ९ ने गुणून २३४ दाखवतो. खरं उत्तर ४२ आहे. प्रत्येक गुणाकारानंतर एम प्लसचं बटण दाबा आणि शेवटी मेमरीतली बेरीज बघा. सुरू करण्याआधी मेमरी रिकामी करायला विसरू नका. आधीच्या हिशेबाचा आकडा तिथे पडून असतो. मोबाइलवरचे बहुतेक कॅल्क्युलेटर आधी गुणाकार करतात, पण एकदा हेच ४२ येतंय का ते करून बघा आणि मगच विश्वास ठेवा.

एक्सेल किंवा गूगल शीट वापरत असाल तर निकालाच्या पीडीएफमधून आकडे चिकटवू नका, टाइप करा. चिकटवलेले आकडे कधीकधी मजकूर म्हणून बसतात आणि बेरजेत धरले जात नाहीत. शीट चूक म्हणून अडवत नाही, बेरीज फक्त कमी येते. रकान्यातला एखादा आकडा डावीकडे सरकलेला आणि बाकीचे उजवीकडे असतील, तर तोच तो.

टप्पा ४: भागा, आणि एकदाच पूर्णांकन करा

१७२ ÷ २२ = ७.८१८१…

दोन दशांश स्थळांपर्यंत एसजीपीए ७.८२.

आता नेहमीची चूक शेजारी ठेवून बघा. दहा विषयांच्या ग्रेड पॉइंटची बेरीज ८० होते. तिला दहाने भागलं की येतात बरोबर ८.००. हा आकडा इतका गोंडस दिसतो की कुणाला शंकाच येत नाही. पण मेजर थिअरीत बी ग्रेड आहे आणि तिचं वजन दुप्पट आहे, हे त्यात विरून गेलं. जिथे अट आठची असते, तिथे हा विद्यार्थी पात्र नसूनही स्वतःला पात्र समजतो.

पूर्णांकन फक्त शेवटी करायचं आणि दोन दशांश स्थळांपर्यंतच. ७.८१८ चे ७.८ केले, तर पुढे सीजीपीएत फरक पडू शकतो. ७.९६ चे ८ करून फॉर्मवर लिहिणं तर अजिबात नको.

टप्पा ५: उत्तर तपासा

हा टप्पा सगळे गाळतात. मला मात्र तोच सर्वांत मोलाचा वाटतो, कारण पाच मिनिटांत चूक हाती लागते.

पहिली तपासणी नजरेची. उत्तर तुमच्या सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त ग्रेड पॉइंटच्या मध्येच आलं पाहिजे. वरच्या उदाहरणात ६ ते १०. बाहेर गेलं की गुणाकारात किंवा बेरजेत गफलत आहे.

दुसरी गृहीतमध्याची. दहावीत शिकलेली ही रीत इथे फार कामाला येते. मनाने ८ धरा. आता प्रत्येक विषय आठपेक्षा किती वर किंवा खाली आहे ते क्रेडिटने गुणा. मेजर थिअरी दोनने खाली, चार क्रेडिट, म्हणजे −८. प्रॅक्टिकल +२, दुसरा इलेक्टिव्ह −२, स्किल एन्हान्समेंट +२, भाषा −२, को-करिक्युलर +४. बाकीचे शून्य. एकूण −४. −४ ÷ २२ म्हणजे −०.१८. आठातून ०.१८ वजा केले की ७.८२. कॅल्क्युलेटरशिवाय तेच उत्तर आलं.

तिसरी तपासणी उलटी आहे आणि ती छापील मार्कशीटवरही चालते. क्रेडिट आणि ग्रेड पॉइंट दोन्ही पूर्ण संख्या असतील, तर गुणाकारांची बेरीजही पूर्ण संख्याच हवी. म्हणून छापील एसजीपीए आणि क्रेडिटचा गुणाकार पूर्ण संख्येच्या अगदी जवळ यायला हवा. ७.८२ × २२ = १७२.०४. जवळची पूर्ण संख्या १७२. बरोबर. हेच कुणी सेमिस्टर २० क्रेडिटचं समजून केलं तर ७.८२ × २० = १५६.४ येतं. ते ना १५६ ना १५७, म्हणजे क्रेडिट चुकले. २०–२२ क्रेडिटला पूर्ण संख्येपासूनचा फरक ०.११ च्या आत असायला हवा. त्याहून जास्त असला तर मार्कशीट पुन्हा उघडा.

इशारा: अभियांत्रिकीत दीड क्रेडिटची प्रॅक्टिकल असतात. तिथे बेरीज अर्ध्यातही येऊ शकते, म्हणजे १६८.५ वगैरे. ती चूक समजू नका. आणि ही तपासणी एकेका सेमिस्टरपुरतीच वापरा. शंभरच्या आसपास किंवा त्याहून जास्त क्रेडिट झाले की दोन दशांश स्थळांमुळे राहणारा फरक इतका वाढतो की कोणतीही संख्या चालून जाते.

टप्पा ६: सेमिस्टर जोडून सीजीपीए काढा

रीत तीच. सगळ्या सेमिस्टरच्या गुणाकारांची बेरीज, भागिले सगळ्या सेमिस्टरच्या क्रेडिटची बेरीज. एसजीपीएंची सरासरी काढायची नाही.

तीन सेमिस्टर घ्या. पहिलं २४ क्रेडिटचं, बेरीज १६०, एसजीपीए ६.६७. दुसरं २४ क्रेडिटचं, बेरीज १६८, एसजीपीए ७.००. तिसरं प्रोजेक्टचं, फक्त १२ क्रेडिट, बेरीज १०८, एसजीपीए ९.००.

एसजीपीएंची सरासरी ७.५६ येते.

खरा हिशेब: १६० + १६८ + १०८ = ४३६. क्रेडिट ६०. ४३६ ÷ ६० = ७.२७.

कंपनीची अट ७.५० असेल तर पहिल्या आकड्याने मुलगा आत आणि दुसऱ्याने बाहेर. शेवटच्या सेमिस्टरला प्रोजेक्ट किंवा इंटर्नशिप असली की ग्रेड चांगले पडतात आणि क्रेडिट मात्र कमी असू शकतात, म्हणून ही चूक बहुधा आकडा फुगवणाऱ्या बाजूलाच होते. प्रत्येक सेमिस्टरचे क्रेडिट सारखे असतील, तर दोन्ही रीतींनी जवळपास तेच उत्तर येतं, फार तर दुसऱ्या दशांशात फरक. पण सारखे आहेत हे आधी पाहा, धरून चालू नका.

जुन्या सेमिस्टरचे विषयवार आकडे हाताशी नसले तर टप्पा ५ मधली उलटी तपासणी उपयोगी पडते. ६.६७ × २४ = १६०.०८, म्हणून बेरीज १६०. ती पूर्ण संख्याच पुढे वापरा, १६०.०८ नको.

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांनी तिसऱ्या सेमिस्टरपासूनचे क्रेडिट धरायचे असतात. डिप्लोमाचे टक्के यात मिसळू नका. आणि ‘पहिलं वर्ष शून्य’ असं धरून त्याचे क्रेडिट खाली घालणं ही तर सरळ चूक.

टप्पा ७: केटी असेल तर

केटी लागली, म्हणजे एखाद्या विषयात नापास होऊन तो पुन्हा द्यायचा राहिला, की काही विद्यापीठं तो विषय निघेपर्यंत एसजीपीए छापतच नाहीत. तिथे स्वतः काढलेला आकडा फॉर्मवर टाकायचा नाही. फॉर्ममधला बॅकलॉगचा रकाना त्यासाठीच असतो. पण आपण कुठे आहोत हे कळायला हिशेब करायला हरकत नाही, तो बरोबर करा.

वरच्याच उदाहरणात मेजर थिअरी राहिली असं समजा. २४ ऐवजी शून्य, म्हणून बेरीज १४८. आता १४८ ला २२ ने भागलं तर ६.७३. काही जण तो विषय हिशेबातूनच काढून १८ ने भागतात आणि ८.२२ आले म्हणून समाधान मानतात. नापास झालेल्या विद्यार्थ्याचा एसजीपीए पास झालेल्यापेक्षा जास्त कसा येईल, हा प्रश्न तिथेच पडायला हवा.

पुढे विषय पी ग्रेडने निघाला की शून्याच्या जागी ४ × ४ = १६ येतात. १४८ + १६ = १६४, आणि १६४ ÷ २२ = ७.४५.

इशारा: जुनी एफची ओळ खोडा, मग नवी लिहा. दोन्ही राहिल्या तर क्रेडिट २६ होतात आणि उत्तर ६.३१ येतं. केटी पुढच्या सेमिस्टरमध्ये सोडवली तरी गुण मूळ सेमिस्टरच्या तक्त्यातच जातात. म्हणून सुधारित मार्कशीट हाती आल्यावर जुनी आणि नवी वेगवेगळ्या फाइलींत ठेवा.

टप्पा ८: उरलेल्या सेमिस्टरना किती हवं

चार सेमिस्टर झाली, ८८ क्रेडिट, गुणाकारांची बेरीज ६०७, सीजीपीए ६.९०. पदवी १३२ क्रेडिटची. शेवटी ७.२५ हवेत.

हवी ती एकूण बेरीज: ७.२५ × १३२ = ९५७.
झालेली: ६०७.
उरलेली: ३५०, तीही ४४ क्रेडिटमध्ये.
३५० ÷ ४४ = ७.९५…

म्हणजे शेवटची दोन्ही सेमिस्टर जवळजवळ ए ग्रेडने काढावी लागतील. कठीण, पण होण्यासारखं. इथे आकडा वरच्या बाजूला न्या, ७.९६ धरा, ७.९५ ला बेरीज किंचित कमी पडते.

तेच कुणाला ८.०० हवे असतील, तर १०५६ − ६०७ = ४४९, आणि ४४९ ÷ ४४ म्हणजे १०.२. दहापेक्षा जास्त पॉइंट नसतातच, त्यामुळे ते आता शक्य नाही. हे तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच कळलेलं बरं. तेवढा वेळ सातची अट असलेल्या संधी शोधण्यात घालवता येतो.

आणखी एक. कष्ट कुठे घालायचे तेही याच तक्त्यातून दिसतं. चार क्रेडिटच्या विषयात बी चा बी प्लस झाला की बेरजेत ४ वाढतात, दोन क्रेडिटच्या विषयात २. अभ्यासाचं वेळापत्रक आखताना हा रकाना समोर ठेवा.

टप्पा ९: टक्केवारी मागितली तर

सर्वांत जास्त मनमानी इथे चालते, म्हणून एकच आकडा तीन रीतींनी करून दाखवतो. सीजीपीए ७.२७.

दहाने गुणलं तर ७२.७ टक्के.
९.५ ने गुणलं तर ६९.०७ टक्के.
एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या अखिल भारतीय परिषदेच्या रूपांतराने, म्हणजे ०.७५ वजा करून दहाने गुणलं, तर ६५.२ टक्के.

एकाच मार्कशीटचे तीन आकडे, सात-साडेसात टक्क्यांच्या फरकाने. ९.५ चा गुणक सीबीएसईच्या दहावीच्या जुन्या सीजीपीएसाठी होता. त्याचा कॉलेजच्या मार्कशीटशी संबंध नाही, तरी मुलं सवयीने तोच वापरतात. एआयसीटीईच्या तक्त्यात ६.२५ म्हणजे ५५ टक्के, ६.७५ म्हणजे ६०, ७.२५ म्हणजे ६५. पण तुमच्या विद्यापीठाने स्वतःचं सूत्र परिपत्रकात दिलं असेल, तर तेच वापरायचं.

क्रम असा ठेवा. फॉर्ममध्ये सीजीपीए लिहिण्याची सोय असेल तर टक्के काढूच नका. टक्केच हवे असतील तर विद्यापीठाचं सूत्र लावा आणि त्या परिपत्रकाची प्रत अर्जाला जोडा. सूत्र सीजीपीएला एकदाच लावायचं. प्रत्येक सेमिस्टरचे टक्के काढून त्यांची सरासरी करायची नाही, नाहीतर टप्पा ६ मधली चूक नव्या रूपात परत येते.

परदेशी विद्यापीठाच्या अर्जात चारच्या स्केलसाठी ७.२७ ला दहाने भागून चारने गुणू नका. अर्जात मूळ स्केल विचारलं असेल तर १० पैकी ७.२७ असंच लिहा. मूल्यमापन करणाऱ्या संस्था गरज पडली तर विषयवार क्रेडिट आणि ग्रेड बघून स्वतः आकडा काढतात.

आकडा जुळलाच नाही तर

सगळं दोनदा करूनही तुमचा आणि छापील एसजीपीए वेगळा येत असेल, तर आधी फरक किती ते बघा. ०.०१ चा असेल तर तो पूर्णांकनाचा. छापील आकडा मानायचा. त्याहून मोठा असेल तर क्रेडिटचा रकाना एकेक ओळ पुन्हा ताडा, मग ग्रेडचा तक्ता. तरीही फरक राहिला तर तुमचा चार रकान्यांचा कागद आणि मार्कशीटची झेरॉक्स घेऊन कॉलेजच्या परीक्षा विभागात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात ‘एसजीपीए चुकला आहे’ एवढंच लिहू नका. कोणत्या विषयाच्या ओळीत किती क्रेडिट, किती पॉइंट आणि तुमची बेरीज किती, ते लिहा. म्हणजे खिडकीपलीकडच्या माणसाला नेमकी तीच ओळ उघडून बघता येते. आणि तोवर कोणताही फॉर्म भरायचा झाला, तर त्यावर छापील आकडाच लिहा.